न उघडलेली गासडी

म्पिका, १६ जून १९९६

आदरणीय बाना कालुबा आत्या,

मी गुरुवारी सुखरूप पोचलो. सेरेन्जेला बस चार तास थांबली, कारण ड्रायव्हरच्या मते टायर ठीक नव्हता आणि कंडक्टरच्या मते ठीक होता. तुम्ही बांधून दिलेली भजी मी दोघांनाही वाटली, तेव्हा वाद मिटला.

तीन आठवडे कित्वेच्या ‘चिसोकोने’ नावाच्या बाजारात तुमच्या शेजारी बसलो. शाळेत नऊ वर्षे बसून जेवढे कळले नाही तेवढे या तीन आठवड्यांत कळले, असे मी आईला म्हणालो. आई म्हणाली, "शाळेत तू खिडकीजवळ बसायचास." पण माझे म्हणणे खरे आहे. त्या मंगळवारी व्यापारी ओरडत आला, की परदेशातून आलेल्या जुन्या फ्रॉकच्या दोनच बंद गासड्या उरल्या आहेत. सगळी रांग त्याच्यामागे पळाली. तुम्ही शेंगा सोलत राहिलात. मी तुमच्या तोंडाकडे पाहत होतो. तुम्ही एवढेच म्हणालात, "दोनच असत्या तर तो ओरडला नसता." संध्याकाळी त्याच्याच ट्रकमधून तशा आणखी नऊ उतरल्या. तेव्हापासून मी ठरवले आहे, की धंदा करायचा तर आत्यासारखा.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. पहिली, तुमच्या दुकानावरची तार. बाकीचे सगळे आपला सर्वांत चांगला कपडा दर्शनी टांगतात. तुमच्या तारेवर सर्वांत वाईट कपडे आहेत: सगळे डाव्याच हाताचे जाड हातमोजे, एका बाहीचा कोट, विटलेला हिरवा पडदा. मी मोजले, सतरा. शेजारच्या बायका म्हणतात, तो दृष्ट लागू नये म्हणून केलेला तोडगा आहे आणि म्हणूनच तुमचे दुकान चालते. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. म्हणजे फारसा नाही.

दुसरी, तुम्ही जिच्यावर बसता ती गासडी. आतोबांनी ती सरहद्दीवरच्या टुंडुमाहून आणली आणि त्याच महिन्यात ते वारले, एवढे मला माहीत आहे. सहा वर्षे झाली. तिच्या पट्ट्यांनाही गंज चढला आहे. ती तुम्ही उघडत का नाही?

रेल्वेच्या यार्डात दोन वर्षे ओझी वाहून मी जे साठवले त्यात एका गासडीची सोय होते. इथल्या बाजारात टेबल मिळाले आहे. दिवाळे निघाले तरी बाबांचे चोवीस लोखंडी पत्रे भिंतीला टेकून आहेतच. ते नोव्हेंबरच्या आत आईच्या घरावर चढवायचे आहेत. यंदाच्या पावसात तिला पातेली मांडत फिरावे लागणार नाही, हे मी तिला वचन दिले आहे.

तुमचा भाचा,
चिलेक्वा


कित्वे, ३० जून १९९६

चिलेक्वा बाळा,

तुझं पत्र आलं. अक्षर असं, की मास्तरांना दाखवायला लिहिलंयस. माझ्या कालुबाने वाचून म्हटलं, "आई, एक खाडाखोड नाही. एवढं जपून लिहिणारा माणूस आजारी पडणार."

तारेबद्दल तू विचारलंस. ते पत्रात मावायचं नाही. आणि तू मोजलेस ते चुकलं, अठरा आहेत. गासडीचं उत्तर मात्र सोपं आहे. बसायला लागतं म्हणून.

आता माझं ऐक. पहिली गासडी घेशील ती पोरांच्या कपड्यांची घे. पोरं थंडीत वाढतात, उन्हातही वाढतात. आणि ते चोवीस पत्रे माझ्या भावाने जिवंत असताना एकेक करून आणले आहेत. दर पगाराला एक, कधी सायकलवर तर कधी डोक्यावर. तू त्यांना "आहेतच" म्हणालास, तो शब्द मला आवडला नाही. जे घरावर चढवायचं ते दिवाळ्याच्या हिशेबात धरू नकोस.

आईला सांग, मी पाठवलेल्या शेंगा कोरड्या जागी ठेव.

तुझी आत्या


म्पिका, २१ जुलै १९९६

आदरणीय आत्या,

तुम्ही कौतुक कराल अशी बातमी आहे. मी टुंडुमाला जाऊन पहिली गासडी आणली आणि ती नऊ दिवसांत संपली. एक कपडाही उरला नाही.

ती पोरांच्या कपड्यांची नव्हती. कृपया पुढचे वाचा आणि मग रागवा. यंदा जुलैची थंडी कडक आहे, मी निघालो त्या दिवशी पहाटे गवतावर पांढरे दव गोठले होते. गाडीत सगळे कुडकुडत होते. समोरची म्हातारी माझ्या अंगावरची चादर ओढून घेत होती, मी पुन्हा ओढत होतो, असे टुंडुमापर्यंत चालले. अशा वेळी कोट नाही विकायचे तर काय? सिलवांबा नावाच्या व्यापाऱ्याने मला कोटांची गासडी दिली. पट्ट्या कापल्या तेव्हा माझ्या टेबलाभोवती चाळीस माणसे होती. रेल्वेचे पहारेकरी, शाळेचे मास्तर, सगळ्यांनी कोट नेले. मास्तरांनी तर मला हात मिळवला. शाळा सोडल्यापासून ते माझ्याशी बोलले नव्हते.

मला आता या धंद्याची नाडी सापडली आहे असे वाटते. मी सिलवांबाला कोटांच्याच आणखी दोन गासड्या सांगितल्या आहेत. मोठ्या, उत्तम प्रतीच्या. माझ्या रांगेतले आणखी पाच जण कोट आणत आहेत, म्हणजे माझा अंदाज बरोबरच असणार. पैशांची सोय झाली आहे.

मीही टेबलावर तार बांधली. एक फाटका कोट मुद्दाम ठेवून टांगला. येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, कित्वेला माझ्या आत्याचीही अशी तार आहे.

आई छपराची आठवण काढते. मी तिला सांगितले, पाऊस नोव्हेंबरात.

तुमचा,
चिलेक्वा


कित्वे, ४ ऑगस्ट १९९६

चिलेक्वा,

कौतुक करते. नऊ दिवसांत गासडी मलाही संपवता येत नाही. आता कौतुक झालं.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. म्हातारीच्या चादरीवर तू पाच ओळी खर्च केल्यास, आणि "पैशांची सोय झाली आहे" ही एवढीशी ओळ. तुझ्यासारखा माणूस, जो टायरचा वाददेखील पूर्ण लिहितो. कसली सोय? कुणी केली? एका गासडीच्या विक्रीत दोन मोठ्या येत नाहीत, हे मला कुणी शिकवायला नको.

आणि तारेचं म्हणशील तर आमच्या रांगेत आता अकरा दुकानांवर तारा आहेत. समोरच्या शहाणीने तर नवा कोरा शर्ट कात्रीने फाडून टांगला. मी म्हटलं, अगं, फाडायचा कशाला? ती म्हणाली, "तुमच्याकडे आपोआप फाटके येतात, बाना कालुबा. आम्हाला मेहनत करावी लागते." मी हसले, पण तुझं वाचून हसू आलं नाही. तो तोडगा नाही रे. तू पहिल्या गासडीतला कोट टांगलास, म्हणजे जिच्यात नफा झाला तिच्यातला. तिथेच कळलं, की तुला काही कळलेलं नाही.

तार कशासाठी ते मी सांगेन. आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर दे, मग मी तुझ्या देते.

आत्या


कित्वे, ८ सप्टेंबर १९९६

चिलेक्वा,

पाच आठवडे झाले. म्पिकाच्या बसचा कंडक्टर सांगत होता, की तिकडच्या बाजारात भर उन्हात एक पोरगा अंगात कोट घालून उभा असतो, विकायला. घामाने निथळत असतो म्हणे, पण बटणं सगळी लावलेली. बटणांवरून मी ओळखलं.

रागावलेली नाही. लिही.

आत्या


म्पिका, १५ सप्टेंबर १९९६

आदरणीय आत्या,

तो पोरगा मीच. आता खरे लिहितो.

दोन गासड्या दहा ऑगस्टला आल्या आणि त्याच आठवड्यात वारा फिरला. आता दुपारी महामार्गाचे डांबर चपलेला चिकटते. बायका येतात, कोटाच्या खिशात हात घालून बघतात आणि टोमॅटो घ्यायला जातात. एकीने विचारले, "याच्यासोबत ताप पण विकतोस का?" एक गासडी निदान बरी होती. दुसरीत निम्म्या कोटांना अस्तर नाही. आमच्या रांगेत सहा टेबले आहेत आणि सहाही टेबलांवर कोट आहेत. आम्ही एकमेकांकडे बघत नाही.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर: मी बाबांचे पत्रे विकले. चोवीसच्या चोवीस. आईला सांगितले, की चोऱ्या वाढल्या आहेत म्हणून रेल्वे वसाहतीत मित्राकडे नेऊन ठेवले. तिने फक्त "बरं" म्हटले.

आता माझा विचार सांगतो, तो तुम्ही तपासून द्यावा. म्बालाचा एक माणूस आला होता. तिथे उंचावर थंडी असते, म्हणून तो सगळे कोट एकदम मागत होता, पण मी घेतले त्याच्या जवळजवळ निम्म्या भावाने. मी त्याला हाकलून दिले. निम्म्या भावाने विकले तर मी मूर्ख ठरलो हे पक्के होते, आणि नाही विकले तर अजून ठरलेलो नाही. शिवाय पुढच्या जूनमध्ये थंडी पडणारच आहे.

दुसरे असे, की सिलवांबा म्हणतो, सलग दोन तोट्यात गेल्या म्हणजे पुढची चांगली निघणारच. तो असे बोलतो जणू गासड्या आपसात ठरवून पाळीपाळीने येतात. हे मला लिहितानाच हास्यास्पद दिसते. तरी ऐकताना खरे वाटले. आईची सायकल विकली तर आणखी एक गासडी येईल. त्यात सगळे भरून निघेल आणि पत्रेही परत येतील.

तारेवर मी आणखी दोन फाटके कोट टांगले. काही फरक पडला नाही.

पावसाला सहा आठवडे आहेत.

चिलेक्वा


कित्वे, २४ सप्टेंबर १९९६

माझ्या बाळा,

सायकलला हात लावू नकोस. पहिलं हे. आता तार.

तुझे आतोबा टुंडुमाहून माल आणायचे आणि मी विकायची. चांगली गासडी निघाली की सगळ्या रांगेला कळायचं. आम्ही कोंबडी कापायचो, ते नाचायचे, पाय कसेही पडायचे. वाईट निघाली की मी तिची फडकी करून फरशी पुसायची आणि दोघंही गप्प. असं तीन वर्षं चाललं. मला कुणी विचारलं असतं तर मी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं, की आमच्या दहातल्या आठ गासड्या चांगल्या निघतात. मग एकदा कालुबाच्या शाळेची फी भरायला घरात काही नव्हतं. मी म्हटलं, दहातल्या आठ चांगल्या, तर पैसे गेले कुठे? बसून एकेक आठवायला लागले. चांगल्या सगळ्या आठवत होत्या, कोंबडीसकट. वाईट आठवेनात. त्यांची मी फडकी केली होती ना.

त्या दिवसापासून प्रत्येक वाईट गासडीतला सगळ्यात वाईट कपडा मी माझ्या डोळ्यांसमोर टांगते. गिऱ्हाईकासाठी नाही, माझ्यासाठी. डावे हातमोजे आहेत ना, ते घेतले कारण त्या व्यापाऱ्याची आधीची गासडी छान निघाली होती, म्हणून ही आत न डोकावता उचलली. हिरवा पडदा शेजारणीने घेतला म्हणून घेतला. एका बाहीचा कोट, "शेवटचीच राहिली आहे" असं कुणी ओरडलं म्हणून. त्या मंगळवारी तू माझ्या तोंडाकडे बघत होतास. मी त्या कोटाकडे बघत होते. धावायला माझेही पाय उठले होते रे. तू समजतोस तशी मी शहाणी नाही. मला माझं डोकं माहीत आहे, एवढंच.

आता तुझे कोट. समज, तू नळावर पाणी प्यायला गेलास. परत आलास तर टेबल रिकामं, आणि त्यावर म्बालावाला देत होता तेवढे पैसे ठेवलेले. खरं सांग, ते पैसे घेऊन तू आज कोट आणायला टुंडुमाला पळशील? की पत्रे आणशील? जे उत्तर येईल तेच तुझं उत्तर. कोट तुझे आहेत म्हणून तुला ते सोडवत नाहीत. दुसऱ्याचे असते तर तू त्यांच्याकडे बघितलंही नसतंस. मी कोणतीही वस्तू ठेवायची की काढायची हे असंच विचारते: ही माझी नसती, तर आज विकत घेतली असती का?

आणि मूर्ख ठरायचं म्हणशील तर ते दहा ऑगस्टलाच ठरलं. भिऊ नकोस, मी अठरा वेळा ठरले आहे आणि लोक माझ्याकडे सल्ला मागतात.

आईला आजच सांग. जेवणाआधी.

आत्या


म्पिका, १३ ऑक्टोबर १९९६

आदरणीय आत्या,

पत्र दुपारी मिळाले. आई चुलीवर मक्याच्या पिठाची न्शिमा ढवळत होती. मी दारातच उभा राहून सगळे सांगितले, कारण बसलो असतो तर बोललो नसतो. ती ढवळत राहिली. मग म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी कळलं."

मी विचारले, कसे?

"कोंबड्या त्या पत्र्यांच्या सावलीत अंडी घालायच्या. तू चोराला भिऊन पत्रे हलवले असतेस, तर कोंबड्यांसाठी दुसरा आडोसा केला असतास. तू तसा मुलगा आहेस. ज्याअर्थी कोंबड्या विसरलास, त्याअर्थी तुझं डोकं ठिकाणावर नव्हतं."

मी म्हणालो, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "तू किती दिवस खोटं बोलू शकतोस ते बघत होते. पुष्कळ दिवस बोललास. आता हात धू."

म्बालाचा माणूस पुढच्या शुक्रवारी पुन्हा आला. पहिल्यापेक्षाही कमी देऊ लागला. मी तुमच्या सांगण्याप्रमाणे खरोखर नळावर गेलो, पाणी प्यालो आणि परत येताना टेबलाकडे परक्या माणसासारखे पाहिले. आत्या, ते फार कुरूप कोट होते. दोन महिने मला ते दिसले नव्हते. मी हो म्हणालो. तो सगळे घेऊन गेला आणि मला वाटले होते तसे काहीच झाले नाही. आभाळ होते तिथेच राहिले. फक्त टेबल मोकळे झाले.

त्या पैशांत चौदा पत्रे आले. ज्याला विकले त्याच्याकडूनच आणले. त्यातल्या नऊ पत्र्यांवर बाबांनी रंगाने घातलेले आकडे अजून आहेत. झोपायची खोली पूर्ण झाकली गेली. स्वयंपाकघराला दहा कमी पडतात, तिथे यंदा गवतच राहील. तारेवरचा पहिला कोट मी काढून टाकला. अस्तर नसलेला एक आणि सिलवांबाने दिलेली त्या गासडीची चिठ्ठी, एवढेच ठेवले. त्याला बघून मला लाज वाटते, पण उपयोगाची.

आता जे लिहितो ते लिहावे की नाही याचा मी आठ दिवस विचार केला. तुमचा प्रश्न मी सगळ्या वस्तूंना विचारून पाहिला. सायकल: माझी नसती तर घेतली असती. बाबांचे बंद पडलेले घड्याळ: नसते घेतले, पण ते मी धंद्यात धरत नाही. असे करत करत माझ्या मनात तुमची बसायची गासडी आली. क्षमा करा. ती तुमची नसती, बाजारात कुणी गंजलेल्या पट्ट्यांची, सहा पावसाळे जमिनीवर पडलेली गासडी आणली असती, तर तुम्ही आज ती विकत घेतली असती का?

पुन्हा क्षमा करा. उत्तर दिले नाही तरी चालेल.

तुमचा भाचा,
चिलेक्वा


कित्वे, १० नोव्हेंबर १९९६

चिलेक्वा,

तुला दोन उत्तरं लिहिली आणि दोन्ही चुलीत घातली. पहिलं वाचून तू रडला असतास. दुसरं खोटं होतं.

मी तुला म्हटलं होतं, बसायला लागतं म्हणून. आता खरं सांगते. ती गासडी घेताना मी टुंडुमाला सोबत होते. मी म्हटलं, महाग आहे, घेऊ नका, तळाला चिंध्या असतील. तुझे आतोबा म्हणाले, हिच्यात पोरांचे लोकरी कपडे आहेत, माझा हात सांगतो. भर बाजारात भांडलो. मी म्हटलं, तुमचा हात बिअरच्या बाटलीशिवाय काही सांगत नाही. परतीच्या गाडीत आम्ही एक शब्द बोललो नाही. ते आमचं शेवटचं भांडण. तीन आठवड्यांनी मलेरियाने गेले.

मला खात्री होती, की आत चिंध्या आहेत. उघडली असती तर मी जिंकले असते. मेलेल्या माणसाशी कोण जिंकतं रे? म्हणून मी तिच्यावर बसले. सगळ्यांना वाटलं, नवऱ्याची आठवण जपते. आठवण जपत नव्हते. त्यांची चूक झाकून ठेवत होते.

तुझं पत्र आल्यावर तीन आठवडे तिच्यावर नीट बसवेना. मग मागच्या शनिवारी कालुबाला म्हटलं, कात्री आण. रांगेतल्या सगळ्या बायका जमल्या. कुणाला वाटलं आत पैसे आहेत, कुणाला वाटलं आत आणखी काही आहे. समोरची शहाणी लांब उभी राहिली.

पोरांचे कपडे होते. लोकरीचे. वरचा थर तर असा, की मी इतक्या वर्षांत तसा माल पाहिला नाही. छोटी छोटी लाकडी बटणं, एकही तुटलेलं नाही. आणि अर्ध्याखाली सगळं कुजलेलं. जमिनीतून ओल चढत गेली, दर पावसात थोडी थोडी, आणि कीड लागली. घेतली त्या महिन्यात उघडली असती तर ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गासडी ठरली असती.

चिलेक्वा, ते बरोबर होते. भांडण ते जिंकले होते आणि सहा वर्षं मी त्यांना जिंकू दिलं नाही.

मी बाजारातच बसून हसले. मग दुसरंही झालं. कालुबाने मला पाणी दिलं. त्या रात्री आम्ही कोंबडी कापली. नाचायला ते नव्हते, म्हणून मी नाचले, तसेच कसेही पाय टाकत.

खालून कुजलेलं एक पिवळं स्वेटर तारेवर टांगलं. एकोणिसावं. बाकीच्या अठरांचा दोष कुणा व्यापाऱ्यावर, कुणा शेजारणीवर ढकलता येतो. याचा दोष माझाच.

चांगल्यातले निम्मे कपडे कंडक्टरबरोबर तुला पाठवते आहे. दया म्हणून नाही. तू एक प्रश्न विचारलास, त्याची ती किंमत आहे. माझ्या तारेकडे बघून आजवर सगळ्यांनी चिंध्या टांगल्या. तू एकट्यानेच मला उलटा प्रश्न विचारलास. माझ्या भावाला मी हे सांगितलं असतं.

आत्या


म्पिका, १ डिसेंबर १९९६

आदरणीय आत्या,

कपडे नीट पोचले. कंडक्टरने एक टोपी स्वतःच्या मुलासाठी ठेवून घेतली आणि तसे प्रामाणिकपणे सांगितले, म्हणून मी काही बोललो नाही.

मी कपड्यांची एकदम गर्दी केली नाही. पाच-पाच काढले. मास्तर आले, त्यांनी धाकट्यासाठी दोन स्वेटर नेले. त्यांनी विचारले, एवढा चांगला माल कुठून आणला? मी सांगितले, आमच्या आतोबांची निवड आहे. हे वाक्य मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितले. म्पिकात आता पन्नासएक घरांत तुमच्या यजमानांचे नाव माहीत आहे.

त्यातून आणखी सहा पत्रे आले. स्वयंपाकघराला चार कमी पडतात. आई म्हणते, धुराला जायला जागा नको का? कोंबड्यांना मी भिंतीलगत आडोसा केला आहे. त्या अजून जुन्या जागीच जाऊन बसतात, पत्रे नसले तरी. त्यांना समजावून सांगणे माझ्याच्याने होत नाही.

तुमचे पत्र मी पुष्कळ वेळा वाचले. तुम्ही लिहिता, की तुम्ही शहाण्या नाही. मी याला नम्रपणे हरकत घेतो. शहाणपण म्हणजे न चुकणे, असे मी जूनमध्ये समजत होतो. आता मला वाटते, सगळ्या रांगेसमोर कात्री मागणे म्हणजे शहाणपण. ते मला जमेल की नाही ठाऊक नाही. मी नळावर जाऊन पाणी पिण्यापर्यंत आलो आहे.

एका गोष्टीची मात्र मला सारखी काळजी लागून राहिली आहे. गासडी तर उघडली. मग तुम्ही आता कशावर बसता?

म्हणून छपराच्या वाशांचे तुकडे उरले होते त्यांचे एक स्टूल केले. उद्याच्या बसने पाठवतो. चार दिवस लागले. तुमचा प्रश्न मी त्यालाही विचारला, अंगणात ठेवून, दुरून, परक्या माणसासारखे बघून. हे माझे नसते, तर मी आज विकत घेतले असते का?

नसते घेतले. एक पाय अर्धा बोट आखूड आहे आणि बैठक डावीकडे उतरते. तरीही पाठवतो आहे. आखूड पायाखाली घालायला लाकडाची एक चकती दोरीने बांधली आहे. ती हरवू देऊ नका.

तुमचा भाचा,
चिलेक्वा